पान पिवळं पडलं म्हणून रोप उपटू नका

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या बैठकीत, पार्किंग आणि पाण्याच्या टँकरच्या मधोमध, एक वेगळाच विषय निघाला : कुंपणालगत लावलेली धायटीची रोपं काढून टाकायची का?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वीस रोपं लावली होती. ‘देशी झुडूप आहे, मधमाश्या येतील, शिंजीर येतील, एकदा रुजलं की फारसं पाणीही लागणार नाही,’ असं सांगून सगळ्यांना त्यासाठी राजी करणारी मीच. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे माझ्या शब्दाला थोडं वजन होतं. पण दीड महिन्यात बहुतेक रोपांची पानं पिवळी पडली आणि ते वजनही उतरलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, ही काही जगत नाहीत. त्यापेक्षा सोनेरी दुरांटा लावू. बारा महिने छान दिसतो.’

हा दुरांटा तुम्ही पाहिलेला असतो. रस्त्याच्या दुभाजकावर, हॉटेलांच्या दारात, कात्रीनं चौकोनी कापलेलं पिवळ्याधमक पानांचं कुंपण. मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. म्हणजे ज्या झुडपाची पानं पिवळी झाली ते काढून, ज्याची पानं पिवळीच असतात ते विकत आणायचं ठरत होतं. बैठकीत कुणाला हसू आलं नाही, मलाही नाही. मी फक्त तीन आठवडे मागून घेतले आणि ते मिळाले.

हा लेख त्या तीन आठवड्यांबद्दल आहे. पान पिवळं दिसलं की आपण उपायाकडे धावतो, कारणाकडे वळून पाहत नाही. माझ्या अनुभवात नवीन रोपं दुखण्यापेक्षा या धावपळीनं जास्त मरतात.

हिरवं जातं, पिवळं उरतं

आधी पानाच्या रंगाबद्दल थोडं. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. या द्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नायट्रोजनचे चार. हे द्रव्य एकदा बनलं की कायम टिकतं असं नाही. ते मोडत असतं आणि झाड ते पुन्हा बनवत असतं. बनवण्याचा वेग मंदावला की हिरवा रंग ओसरतो आणि आधीपासून पानातच असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्यं उघडी पडतात. त्यामुळे पिवळा रंग बाहेरून ‘येत’ नाही. हिरवा रंग गेल्यावर तो दिसू लागतो, इतकंच. हिरवं का गेलं, याची कारणं मात्र अनेक असू शकतात.

लाल किंवा तांबूस रंगाचं वेगळं आहे. तो अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि बहुतेक वेळा झाड तो त्या वेळी नव्यानं तयार करतं. आंब्याची तांबूस कोवळी पालवी किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक होणारा कुसुम आठवा. ही झाडं आजारी नसतात. कोवळ्या पानाला प्रखर उन्हापासून काही प्रमाणात संरक्षण मिळावं, हा या लाल रंगाचा एक उपयोग मानला जातो.

म्हणून ‘पानं पिवळी पडलीत, काय घालू?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ‘अंग गरम लागतंय, कोणती गोळी घेऊ?’ असं विचारल्यावर चांगला डॉक्टर जसा आधी चार प्रश्न विचारतो, तसंच इथेही करावं लागतं. कोणती पानं पिवळी आहेत, खालची जुनी की शेंड्याची नवी? सगळं पान पिवळं आहे की शिरा हिरव्या आहेत? माती ओली आहे की कोरडी? आणि हे रोप इथे येण्यापूर्वी कुठे वाढलं?

वीस रोपं, चार कारणं

बैठकीनंतरच्या सकाळी माळीमामांना घेऊन मी एकेक रोप पाहिलं. त्या वीस रोपांचे चार गट पडले.

पहिल्या गटात आठ रोपं. त्यांची अगदी खालची दोन-चार पानं एकसारखी पिवळी झाली होती, शेंडा मात्र टवटवीत आणि नवी पालवी फुटलेली. ही रोपं ठीक होती. रोपवाटिकेतल्या प्लास्टिकच्या पिशवीत मुळं गोल गोल फिरून वाढतात. ती खड्ड्यात लावताना काही तुटतात आणि उरलेल्यांना नव्या मातीत पसरायला आठवडे लागतात. तोवर मुळांचा पुरवठा कमी आणि पानांची मागणी तेवढीच. अशा वेळी रोप जुन्या पानांतला नायट्रोजन, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम काढून घेऊन शेंड्याकडे पाठवतं. अडचणीच्या वर्षी घरातली जुनी ठेव मोडावी तसं हे आहे. म्हणूनच असं पिवळं पान घाईनं खुडू नये. ते अजून देणं देत असतं. काम संपलं की आपण होऊन गळतं.

दुसऱ्या गटात चार रोपं, नव्यानं बांधलेल्या भिंतीला लागून. इथे चित्र उलटं होतं. खालची पानं हिरवी, शेंड्याची कोवळी पानं फिकट पिवळी आणि त्यांतल्या शिरा मात्र जाळीसारख्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं ठळक लक्षण. एकदा पानात बसलेलं लोह झाड सहजासहजी दुसरीकडे हलवू शकत नाही, त्यामुळे तुटवडा प्रथम नव्या पानांत दिसतो. गंमत म्हणजे आपल्याकडच्या मातीत लोह भरपूर असतं. पण चुनखडीच्या जमिनीत ते अशा रूपात अडकून पडतं, की मुळांना घेता येत नाही. चुनखडीच्या शेतात ऊस असा पिवळा पडला की शेतकरी त्याला ‘केवडा’ म्हणतात. आमच्याकडे चुनखडी कुठून आली? मामांनी कुदळीचा एक घाव घातला आणि उत्तर वर आलं : सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, प्लास्टरचे पापुद्रे. बांधकामाचा राडारोडा खड्ड्यात लोटून त्यावर वीतभर लाल माती पसरली होती.

1840च्या दशकात युझेब ग्री या फ्रेंच संशोधकानं पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून ती पुन्हा हिरवी करून दाखवली होती. या पिवळेपणाला शास्त्रीय भाषेत ‘क्लोरोसिस’ म्हणतात. त्या काळी युरोपातले डॉक्टर तरुण मुलींमधल्या एका प्रकारच्या पंडुरोगालाही हेच नाव देत आणि त्यावरही लोहच देत. झाड आणि माणूस, दोघांच्या फिकटपणाला एकच नाव होतं, औषधही एकच. पण आपल्या रोपाच्या बाबतीत लोह नुसतं घालून भागत नाही. हिराकस मातीत टाकला तर चुन्याच्या संगतीत तोही लवकरच अडकतो. अर्धा टक्का हिराकसाचं पाणी, म्हणजे लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारलं तर तात्पुरता रंग येतो. खरा उपाय राडारोडा काढण्याचा. दोन रविवार आम्ही तोच केला आणि खड्डे चांगली माती व कुजलेल्या पालापाचोळ्यानं भरले.

तिसऱ्या गटात गेटजवळच्या सखल भागातली पाच रोपं. पानं वरपासून खालपर्यंत पिवळी, शिवाय मान टाकलेली. पाहणाऱ्याला वाटावं, पाणी कमी पडलं. आणि तसं वाटून वॉचमन रोज सकाळी बादलीभर पाणी घालत होता, तेही पावसाळ्यात! बोट खुपसलं तर माती चिखल झालेली, वास कुबट. मुळं जिवंत असतात, त्यांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की तिथे प्राणवायू पोचत नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे 10 हजार पट मंद पसरतो. गुदमरलेली मुळं समोर असलेलं पाणीही शोषू शकत नाहीत. म्हणून चिखलात उभं असलेलं रोप तहानेनं सुकल्यासारखं दिसतं. धायटी ही सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवरची. पाऊस कितीही कोसळला तरी तिथे पाणी पायाशी थांबत नाही. आपण मात्र तिला काळ्या मातीच्या खोलगट खड्ड्यात बसवली होती.

चौथ्या गटातली तीन रोपं मोकळ्या, दक्षिणेकडच्या कोपऱ्यात होती. त्यांच्या पानांवर उन्हाच्या बाजूनं पांढुरके-तपकिरी चट्टे होते. रोपवाटिकेत ती हिरव्या जाळीच्या सावलीत वाढली होती. ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस उघडीप मिळाली आणि एकदम कडक ऊन पडलं. सावलीत बनलेलं पान पातळ असतं. पूर्ण उन्हाचा मारा सोसण्याची त्याची तयारी नसते आणि एकदा बनलेल्या पानाची घडण फारशी बदलतही नाही. नवी पानं मात्र उन्हाला जुळवूनच येतात. अशा रोपांना महिनाभर दुपारची थोडी आडसावली पुरते. जुनी डागाळलेली पानं पुन्हा हिरवी होण्याची वाट पाहायची नसते.

एकाच दिवशी, एकाच कुंपणाशी, एकाच जातीच्या वीस रोपांत चार वेगळी कारणं. यातल्या एकालाही युरिया हे उत्तर नव्हतं.

उपायांचा मारा

पण युरिया पडलाच. पहिल्या गटातल्या, म्हणजे ज्यांना काहीच झालं नव्हतं त्यांच्यातल्या एका रोपाला कुणीतरी काकांनी मायेनं मूठभर युरिया घातला. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या आणि रोप गेलं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं. तेच मुळांचं होतं. मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की पाणी मुळात शिरण्याऐवजी बाहेर ओढलं जातं. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. उभ्या पिकाला तो मोजून, विभागून देतात. जेमतेम रुजू पाहणाऱ्या रोपाच्या बुंध्याशी मूठभर टाकणं म्हणजे उपाशी तान्ह्या बाळाला पंगतीचं जेवण वाढणं.

आणखी एक प्रसंग. चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी पान उलटून पाहिलं तर खाली बारीक काळे ठिपके. ‘कीड लागलीये,’ म्हणून त्या फवारणीची बाटली घेऊन आल्या. पान उलटून पाहण्याची त्यांची सवय अगदी योग्य होती. फुलकिडे, मावा, कोळी तिथेच सापडतात. पण धायटीच्या पानाच्या खालच्या बाजूला काळसर ग्रंथींचे ठिपके मुळातच असतात. तीच तिची ओळख आहे. आपण आपल्याच भागातली झाडं इतकी कमी ओळखतो, की तिच्या अंगावरचे तीळ आपल्याला रोग वाटतात.

देशी झाडांबद्दल आपल्या मनात एक भाबडी समजूत असते. देशी म्हणजे चिवट, लावलं की विसरायचं. मीही बैठकीत जवळपास तसंच बोलले होते आणि ती माझी चूक होती. डोंगरावर धायटीचं बी पडतं तेव्हा ते ज्या जागी रुजतं तिथेच पहिल्या दिवसापासून मूळ खोल घालतं. जी रुजत नाहीत ती मरतात आणि आपल्याला दिसतही नाहीत. आपलं रोप पिशवीत, सावलीत, रोजच्या पाण्यावर वाढलेलं असतं. ते जातीनं देशी असलं तरी त्या खड्ड्यात पाहुणंच असतं. त्याला पहिली दोन वर्षं सोबत लागते. ही सोबत न देता त्याचं पान पिवळं पडलं, की ‘देशी झाडं शहरात चालत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि दुरांट्याची गाडी दारात उभी राहते.

थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे

‘मग नुसतं बघत बसायचं का? तोवर रोप मेलं तर?’ असा प्रश्न मला विचारला गेला आणि तो रास्त आहे. गेटजवळच्या पाचांपैकी तीन रोपं आम्हाला वाचवता आली नाहीत. चर खणून पाणी काढून दिलं, रोपं उचलून मातीच्या उंचवट्यावर बसवली, पण तिघांची मुळं तोवर कुजली होती. दोन आठवडे आधी कुणी बोट मातीत घातलं असतं तर कदाचित तीही जगली असती. तेव्हा माझं म्हणणं थांबा असं आहे, पण आधी पाहा आणि मग थांबा.

पाहण्याची रीत साधी आहे. पाणी घालण्यापूर्वी बोट किंवा काडी मातीत दोन-तीन इंच खुपसा. ओली लागली तर पाणी नको. खालची पानं पिवळी आणि शेंडा ताजा असेल तर काही करू नका. बुंध्यापासून चार बोटं सोडून पालापाचोळ्याचं आच्छादन द्या आणि तीन आठवडे बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बाटलीकडे जाण्याआधी खड्ड्यात काय पुरलंय ते पाहा. ओल्या मातीत रोप मान टाकत असेल, बुंधा मऊ लागत असेल, मातीला कुबट वास येत असेल किंवा शेंडाच काळा पडत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. पानं सगळी गळाली तरी लगेच रोप उपटू नका. नखानं खोडाची साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.

पहिल्या पावसाळ्यात रासायनिक खत नको. जुन्या पानांवर नजर खिळवू नका. ती रोपवाटिकेची आठवण सांगतात. तुमच्या मातीत रोपाचं कसं चाललंय ते नवी पानं सांगतील.

डिसेंबरात पुन्हा एक घबराट झाली. थंडी आणि कोरडी हवा सुरू होताच जुनी पानं तांबूस होऊन गळायला लागली. या वेळी मात्र ‘मॅडम, हे ऋतूचं असेल ना?’ असं सेक्रेटरींनीच विचारलं. ऋतूचंच होतं. डोंगरावरची धायटीही कोरड्या दिवसांत पानं विरळ करते आणि मग फांद्याफांद्यांवर लाल फुलांचे झुबके काढते.

मोजायचं काय?

आमच्या वीस रोपांची ही गोष्ट लहान आहे. पण याच गोष्टीची मोठी आवृत्ती दर जुलैत राज्यभर घडते. देशात वनमहोत्सव 1950मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात 2016 ते 2019 या चार वर्षांत वृक्षलागवडीची उद्दिष्टं अनुक्रमे 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी आणि 33 कोटी अशी चढत गेली. शाळा, कंपन्या, सोसायट्या सगळे आपापल्या परीनं खड्डे खणतात, फोटो काढतात. त्यामागचा हेतू चांगला असतो. पण आपण मोजतो तो लावण्याचा दिवस. रोपाची खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात, जेव्हा पानं पिवळी पडतात आणि फोटो काढायला कुणी नसतं. नंतर पुन्हा एप्रिलात, जेव्हा पाणी कुणी घालायचं हे ठरलेलं नसतं.

माझी सूचना अगदी साधी आहे. ज्या पैशात वीस रोपं लावायची त्यात दहाच लावा आणि उरलेला पैसा दोन उन्हाळ्यांच्या पाण्यासाठी आणि देखभालीसाठी ठेवा. रोपाच्या पाटीवर लावणाऱ्याच्या नावासोबत पाहणाऱ्याचंही नाव लिहा. सोसायटीच्या वहीत लावल्याची तारीख लिहितो तशी पुढच्या वर्षीच्या मे महिन्याची एक ओळ आधीच आखून ठेवा : किती जगली? हा आकडा फोटोइतका देखणा नसेल, पण खरा असेल.

आमच्या वहीत तो आकडा सोळा आहे. तीन पाण्यानं गेली, एक मायेनं. या फेब्रुवारीत भिंतीजवळच्या दोन रोपांवर, ज्यांच्या पायाखालून आम्ही घमेलीच्या घमेली सिमेंट काढलं होतं, पहिली लाल फुलं आली. एका सकाळी वॉचमननं मला थांबवून शिंजीर दाखवला. त्याच्या हातात बादली होती. पण पाणी घालण्याआधी त्यानं बोट मातीत घालून पाहिलं होतं.